तांब्याची गिरकी

एकदा एका वृद्ध वैज्ञानिकाने आपल्याच शिष्येच्या यंत्राची तार उपटली, आणि तीही परीक्षक समिती येण्याच्या आदल्या दिवशी. चारशे पावलांवरही ऐकू येणारी मोटर कण्हत थांबली.

शिष्या संतापाने लाल झाली. दोन वर्षे तिला एकच ध्यास होता: तांब्याचा दंड वेगाने फिरवायचा आणि त्या फिरण्यातून स्पिनचा प्रवाह काढायचा. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगची उपजत गिरकी. धातू फिरवला की ती त्याच्या अक्षाकडे वळते. पण ती पुढे वाहायलाही हवी, आणि तिथेच घोडे अडले होते. तो प्रवाह मोजणाऱ्या मापकाचा काटा शून्यावरून हलेना. तिने तीनदा मोटर बदलली. कुठे थरथर नको म्हणून टेबलाखाली रबराचे थर घातले. उद्याही शून्यच दिसले, तर संशोधनाला कायमचे टाळे लागणार होते.

"सर, हे काय केलंत?" ती किंचाळली. "आज कुठे मनासारखा वेग मिळाला होता! मला बुडवायचंच होतं, तर एवढं राबवलंत कशाला?"

"मी तीनदा 'थांब' म्हटलं. तू तीनदा मोटर आणलीस!" म्हाताराही भडकला. त्याने एक स्फटिकाची चकती तिच्यापुढे आदळली. चकतीवर तांब्याचा पातळ थर होता. मापक जोडून त्याने वीज दिली. विजेने स्फटिक थरथरला, त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या लाटा धावल्या आणि काटा उचलला गेला.

"योगायोग," ती फणकारली. तिने स्वतः वीज बंद केली, दिली, पुन्हा बंद केली. प्रत्येक वेळी काटा इमानाने हलला. तिचा आवाज खाली आला. "पण यात काहीच फिरत नाहीये, सर."

"फिरतंय. लाटेखाली पृष्ठभागाचे कण जोरात गिरक्या घेतात, आतले जवळजवळ स्वस्थ असतात. त्या तफावतीमुळे स्पिन इकडून तिकडे वाहतो. तुझा दंड सगळाच्या सगळा एकसारखा फिरत होता. सगळे इलेक्ट्रॉन एका दिशेला तोंड करून उभे, पण हलायचं कुणाला कारणच नाही! आणि जी थरथर हवी होती, तिलाच तू रबर घालून मारत बसलीस. त्याचा मला राग आलाय, तुझा नाही."

खाली बसून तिने रबराचे थर एकेक करून ओढून काढले.

दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षांनी बसता बसताच विचारले, "मिनिटाला फेरे किती?"

"फेरे नका मोजू, सर," चकतीला वीज देत ती शांतपणे म्हणाली. "फरक मोजा."

अध्यक्षांनी हललेल्या काट्याकडे पाहिले आणि खुर्ची पुढे ओढली.