धुतलेले पाय

“मग आज्ञा पाळायच्या कशाला, फादर? तारण कृपेनंच मिळत असेल, तर माझे उपास, माझा संयम... सगळं फुकट?”

वृद्ध फादर बर्नाबस टॉवेलांच्या घड्या घालत होते. समोर उभा तरुण ऑस्वल्ड बोलतच राहिला.

“आणि आज्ञा पाळूनच मिळत असेल, तर मी संपलो. मी एकही मोडली नाही, तरी एक दिवस स्वच्छ वाटलं नाही.”

ब्रदर ऑस्वल्ड मच्याडो सेमिनरीत, धर्मगुरू घडवणाऱ्या त्या विद्यालयात, सगळ्यांत हुशार. ईस्टरच्या सणानंतर त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळायची होती. पण उद्या बिशपांकडे जाऊन नकार द्यायचा, असं त्यानं ठरवलं होतं.

“या हातांनी पवित्र भाकर कशी उचलू?”

“आज पाय धुवायच्या बारा जणांतला एक तापानं पडलाय,” फादर म्हणाले. “त्याच्या जागी तू बस.”

तो पवित्र गुरुवार होता. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळी फादर देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गावातल्या बारा जणांचे पाय धुतात.

ऑस्वल्ड आधी विहिरीवर गेला. साबण लावला, वजरीनं टाचा घासल्या. लाल होईपर्यंत घासल्या.

त्यात नवल काही नव्हतं. वसईकडच्या त्या गावात सगळेच घरून पाय घासून येत. फादरांना का घाणेरडे पाय दाखवायचे?

फक्त अंतोन डाबरे केळीला पाणी लावून तसाच आला होता. गुडघ्यापर्यंत चिखल. पुढच्या बाकावरच्या मावशींनी विचारलं, घरी पाणी नव्हतं का रे?

“इथं धुणारच आहेत की,” अंतोन म्हणाला. “दोनदा कशाला?”

लोक हसले. ऑस्वल्ड हसला नाही.

फादर एकेकापुढे गुडघे टेकत आले. अकरावा ऑस्वल्ड. त्यांनी त्याची लाल टाच तळहातावर घेतली. एका जागी कातडं सोललं होतं.

तांब्या तसाच राहिला.

“हे तर धुतलेले आहेत,” फादर हळूच म्हणाले. “मी काय करू?”

ऑस्वल्डनं पाय मागे ओढला. फादर उठले नाहीत. वयाच्या मानानं ते फार वेळ खाली होते.

“फादर, उठा. मी त्या लायकीचा नाही...”

“माहीत आहे. पाय दे.”

कोमट पाणी सोललेल्या जागेवर पडलं. झोंबलं. फादरांनी पाय टिपला, वाकून त्याचं चुंबन घेतलं.

ऑस्वल्ड रडू लागला. पुस्तकांपुढे इतकी वर्षं अडवून धरलेलं रडू, सगळ्या गावासमोर.

बारावा अंतोन. फादर बाकाला धरून उठू लागले, आणि उठवेना.

त्यांनी टॉवेल ऑस्वल्डपुढे धरला.

“हे धर्मगुरूनं करायचं असतं, फादर. नियम आहे. मी अजून...”

टॉवेल तसाच पुढे.

ऑस्वल्डनं तो घेतला. अंतोनपुढे गुडघे टेकले. घट्टे पडलेले, चिखलानं माखलेले ते पाय त्यानं दोन्ही हातांत धरले, बोटांच्या बेचक्यांतून माती काढली. घंगाळातलं पाणी काळं झालं. अंतोनला गुदगुल्या झाल्या, तो खिदळला. आणि या वेळी ऑस्वल्डही हसला, ओल्या डोळ्यांनी, मोठ्यानं. गायकवृंदानं पुढचं कडवं उचललं, तसं सगळं देऊळ गाऊ लागलं.

कधी नव्हे ते, आपण स्वच्छ आहोत का, हे विचारायचं तो विसरला होता.

उपासना संपल्यावर तो फादरांजवळ आला. बाह्या अजून वर सरकवलेल्या. नखांत चिखल.

“उद्या बिशपांना काय सांगू, फादर?”

फादर बर्नाबसांनी त्या नखांकडे पाहिलं.

“काही सांगू नकोस. हे हात दाखव.”