उलट्या क्रमाने

सकाळपासून वैजयंती सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचा डॅशबोर्ड उघडून बसली होती. निघताना निघाला, आता बसता बसेना, आणि त्याशिवाय गाडी सुरू होईना. मांडीवरच्या दुरुस्तीच्या पुस्तकात एवढंच होतं: ‘काढले त्याच्या उलट क्रमाने बसवावे.’ लिहिणाऱ्याचं काय जातं!

मागे अध्यक्ष घारपुऱ्यांची गाडी अडली होती. ते पुतण्याच्या लग्नाला निघाले होते, डोक्यावर फेटेवाल्याकडून नुकताच बांधून घेतलेला फेटा.

पुस्तकात डोकावून ते कडाडले, “स्पष्ट लिहिलंय की! उलट्या क्रमाने बसवा. त्यात काय अवघड आहे?”

वैजयंतीने दमलेली मान वर केली.

“काका, तुम्ही फेटा सोडा आणि उलट्या क्रमाने परत बांधा. तुमचा बांधून झाला की मी लगेच गाडी काढते.”

घारपुऱ्यांनी दोन्ही हातांनी फेटा धरला आणि ते रिक्षा शोधायला निघाले.