मुकं पाणी

“पण महाराज, उधळ्या माणसाला जामीन राहणं हे पुण्य की पाप, तेवढंच सांगा.”

रमाकांत देवणे सकाळपासून हेच विचारत होते.

बाळगिरी महाराज ओट्यावर बसून चिंचा फोडत होते. चिंच एका टोपलीत, चिंचोका दुसऱ्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“उधळ्या कोण?”

“हा.”

रमाकांतांनी झाडाकडे बोट केलं. चिंचेखाली त्यांचा धाकटा भाऊ गुणवंत बसला होता. पायातल्या चपला काढून बाजूला ठेवलेल्या. नजर चपलांवर.

टेकडीवरचा हा मठ म्हणजे एक समाधी, पत्र्याच्या दोन खोल्या आणि हे झाड. खाली सिंदफणा नदीची कोरडी वाळू. महाराजांकडे लोक येत, प्रश्न विचारत, आणि बहुधा नाराज होऊन परत जात.

रमाकांतांनी मात्र त्यांच्याकडून गुरुमंत्र घेतला होता. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाल्यापासून ते काटकसरीवर व्याख्यानं देत. ‘संसाराला शिस्त’ हा त्यांचा विषय. बचत गटाच्या बायकांना ते सांगत, हात आखडता घ्या, कर्जाला घराची पायरी चढू देऊ नका. बायका माना डोलवत. त्यांच्यातल्या कितीतरी जणी गळ्यातलं आधीच मोडून आलेल्या असत.

व्याख्यानाचं मानधन रमाकांत घेत नसत. जाण्यायेण्याचं भाडं घेत, आणि पायी जात.

आजही त्यांनी समाधीला अर्धा नारळ वाहिला होता. उरलेली वाटी पिशवीत होती, परतीच्या वाटेवरच्या मारुतीसाठी.

“काय उधळलं त्यानं?” महाराजांनी विचारलं.

“काय नाही उधळलं? पतसंस्थेचं कर्ज काढलं. ते फेडायला दुसरीकडून काढलं. बायकोचे दागिने गेले. आता वडिलांनी बांधलेलं घर जप्त होतंय. उद्या दुपारपर्यंत कुणी जामीन राहिला तर मुदत मिळेल, नाहीतर घराला कुलूप. म्हणून आज दादा आठवला.”

“तू राहू शकतोस जामीन?”

“शकतो. ऐपतीचा प्रश्नच नाही, तत्त्वाचा आहे. मी आयुष्यात कर्ज काढलं नाही, महाराज.”

“वेळ आली नाही?”

“येऊ दिली नाही.”

“कुणी?”

...

रमाकांतांना प्रश्न कळला नाही. त्यांनी तो ऐकलाच नाही असं केलं.

“विचारा त्याला. फ्रिज घेतला हप्त्यावर! घरात माणसं चार, आणि फ्रिज!”

महाराजांनी झाडाकडे पाहिलं. “फ्रिज कशाला रे, गुणवंत?”

“इन्सुलिन ठेवायला, महाराज. आईचं.”

“माठात राहतं ते,” रमाकांत म्हणाले. “ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवायचं. मी मुद्दाम डॉक्टरांना विचारून कळवलं होतं.”

“उन्हाळ्यात खराब झालं, दादा. दोनदा टाकून द्यावं लागलं.”

“फडकं ओलं ठेवत नसणार सुमन.”

सुमन ही गुणवंतची बायको.

“आई कुणाकडे होती?” महाराज.

“याच्याकडे. तिनंच ठरवलं. मी नको म्हटलं नाही.”

“शेवटपर्यंत?”

“हो. मी दर दिवाळीला लुगडं पाठवत होतो. चांगलं, इरकली.”

महाराजांनी एक चिंचोका अंगठ्यानं दाबून बाहेर काढला.

“आणि तू, गुणवंत? तुझी काहीच चूक नाही?”

“आहे ना.” गुणवंतनं पहिल्यांदाच मान वर केली. “पोरीच्या साखरपुड्याला मंडप घातला, महाराज. बँड लावला. ऐपत नव्हती. सुमन नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही. आई गेलेली, घर सुनंसुनं झालेलं... वाटलं, एकदा वाजू दे दारात काहीतरी. ते चुकलं. त्याचं कर्ज माझं आहे, ते मी कुणावर घालत नाही.”

“ऐकलंत?” रमाकांतांचा चेहरा उजळला. “स्वतःच्या तोंडानं कबूल! बँड, महाराज! दारात बँड! आणि यानंतर मी सही करायची?”

“तू काय कबूल करतोस?”

“मी?”

“हो.”

“मी कशाला काय कबूल करू? माझं सगळं चोख आहे.”

...

महाराजांनी टोपल्या बाजूला सरकवल्या.

“पाणी आणायचं राहिलंय,” ते म्हणाले. “शिष्य भिक्षेला गेलेत. तुम्ही दोघं आणा.”

समाधीला रोज नदीच्या वाळूतल्या झिऱ्याचं पाणी लागे. तांब्याचा मोठा हंडा, गळ्याला दोराचा फास, फासातून आरपार बांबू, बांबूच्या दोन टोकांना दोन माणसं. बांबू पिढ्यान्‌पिढ्या खांद्यांवर घासून काचेसारखा गुळगुळीत झालेला.

मठात या पाण्याला मुकं पाणी म्हणत. झिऱ्यापासून समाधीपर्यंत आणणाऱ्यांनी एक शब्द बोलायचा नाही. कुणी बोललं तर ते पाणी चालत नाही. वाटेत ओतूनही द्यायचं नाही. भरला हंडा तसाच परत न्यायचा, झिऱ्यात ओतायचा, आणि पुन्हा भरायचा.

रमाकांतांना हे ठाऊक होतं. शिस्त त्यांना आवडत असे.

दोघं खाली गेले. हंडा भरला. बांबू उचलताना रमाकांत पुढे झाले. थोरले होते, पुढे होणारच. गुणवंत मागे राहिला.

वाळूवर हंडा दोघांच्या मधोमध होता.

पायऱ्या सुरू झाल्या. दगडी, उभ्या, झिजलेल्या. पुढचा माणूस वर, मागचा खाली. बांबू तिरपा झाला आणि हंडा गुळगुळीत बांबूवरून हळूहळू मागे सरकत गेला. अर्ध्या वाटेत तो गुणवंतच्या छातीला टेकला.

रमाकांत ताठ चालत होते. श्वास फुललेला नव्हता. या वयातही आपल्याला हे जमतं याचं त्यांना बरं वाटलं.

मागून गुणवंतचं धापा टाकणं ऐकू येऊ लागलं. मग पाय घसरल्याचा आवाज. मग दगडावर पाणी सांडल्याचा.

रमाकांतांनी बराच वेळ दम धरला.

मठ दिसू लागला तेव्हा त्यांना राहवलं नाही.

“अरे, नीट चाल की! एवढं काय त्यात? मी पण तोच हंडा उचललाय. मी सांडतोय का?”

वर ओट्यावर महाराज उभे होते.

“गेलं पाणी,” ते म्हणाले.

रमाकांतांनी जीभ चावली. “महाराज, याच्यामुळे बोलावं लागलं. हा सांडत होता.”

“परत न्या.”

“बघितलंस?” रमाकांत भावाकडे वळले. त्यांचं धोतर कोरडं ठणठणीत होतं. गुणवंतचा सदरा छातीपासून खाली चिंब भिजला होता. “तुझ्यामुळे मला पुन्हा हेलपाटा.”

गुणवंतनं खांदा बदलला. “चल, दादा.”

दोघं वळले. हंडा टेकवून त्यांनी जागा बदलल्या; आताही रमाकांतच पुढे. महाराज काठी घेऊन शेजारून उतरू लागले.

आता पुढचा माणूस खाली होता आणि मागचा वर. बांबू दुसऱ्या बाजूला तिरपा झाला.

हंडा जागचा हलला नाही.

रमाकांत बोलत उतरत होते. पाणी वाया गेलंच होतं, आता बोलायला हरकत नव्हती. “माझं म्हणणं एवढंच आहे महाराज, माणसानं आपलं ओझं आपण उचलावं. मी उचलतोच आहे ना? माझी तक्रार आहे का? चढताना नाही, उतरताना नाही.”

महाराज गुणवंतच्या हाताकडे पाहत होते.

गुणवंतचा एक हात खांद्यावरच्या बांबूला होता. दुसऱ्या हातानं त्यानं हंड्याचा दोर धरून मागे ओढला होता, आपल्याकडे. बोटं पांढरी पडली होती. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. उतार लागला तसा हात आपोआप तिथे गेला होता.

महाराज थांबले.

“गुणवंत, दोर सोड.”

“नको, महाराज.”

“सोड.”

“दादा पडेल.”

...

रमाकांतांचं बोलणं तुटलं. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. आधी भावाकडे, मग हंड्याकडे, मग दोरावरच्या हाताकडे. हंडा गुणवंतच्या पोटाशी होता. त्यांच्या आणि हंड्याच्या मध्ये हातभर मोकळा बांबू होता.

“कधीपासून धरलंयस?”

“पायरी लागल्यापासून.”

“चढताना?”

“चढताना धरावं लागत नाही, दादा. आपसूकच माझ्याकडे येतो.”

गुणवंत हे कुरबुरीनं म्हणाला नाही. पंखे-मिक्सर दुरुस्तीचं त्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला यंत्र समजावून सांगावं तसं सांगितलं.

रमाकांत पुढे पाहू लागले. खाली बऱ्याच पायऱ्या होत्या.

“सोड,” ते म्हणाले.

“दादा, गुडघे तुझे...”

“सोड म्हणतो ना, गुण्या!”

गुणवंतनं एकदम सोडला नाही. दोर बोटांतून थोडा थोडा सुटू दिला. हंडा बांबूवरून निघाला, आणि शेवटी रमाकांतांच्या पाठीला धडकला.

पाणी त्यांच्या मानेवरून, पाठीवरून, कोरड्या धोतरावरून खाली आलं. गुडघे वाकले. ते पायरीवर जवळजवळ बसलेच. तोंडातून आवाज निघाला, तो कसला होता हे सांगता येणार नाही. खांद्यावरची पिशवी घरंगळली. त्यातली नारळाची वाटी बाहेर पडली आणि पायऱ्यांवरून टणटण करत वाळूपर्यंत गेली.

मागे गुणवंतचा हात पुन्हा दोराकडे गेला.

महाराजांनी काठी आडवी धरली.

गुणवंतनं हात मागे घेतला.

रमाकांत उठले. एक पायरी उतरले. थांबले. आणखी एक. पाठीत हंडा रुतत होता. आता ते ताठ नव्हते. कंबरेतून वाकलेले, मान पुढे काढलेली, एका हातानं पायऱ्यांच्या कडेचा दगड धरलेला. मघाशी गुणवंत याच पायऱ्यांवरून असाच वाकून चढला होता, फक्त तेव्हा त्यांची पाठ त्याच्याकडे होती.

खाली पोचायला वेळ लागला.

झिऱ्यात पाणी ओतलं गेलं. वाळूनं ते पिऊन टाकलं.

दोघं भाऊ झिऱ्याच्या दोन बाजूंना बसले. रमाकांत धापा टाकत होते. खांद्यावर बांबूचा लाल वळ उठला होता. गुणवंतच्या खांद्यावर वळ नव्हता. तिथे घट्टा होता, जुना.

“आईला...” रमाकांत म्हणाले. “आईला उचलून न्यावं लागायचं का रे, दवाखान्यात?”

“शेवटी शेवटी.”

“कोण उचलायचं?”

“मी डोक्याकडून. सुमन पायांकडून.”

“जिना आहे ना तिथे.”

“आहे.”

...

नारळाची वाटी वाळूत उपडी पडली होती. गुणवंतनं ती उचलली, सदऱ्याला पुसली आणि भावाच्या पिशवीत ठेवली.

रमाकांत ते बघत राहिले. मग सावरून बसले. घसा साफ केला. इतक्या वर्षांची सवय अशी जात नाही.

“ते सगळं खरं, महाराज. ते मी नाकारत नाही. पण बँडचं काय? बँड तर यानंच लावला ना? तेवढं तरी चुकलंच की नाही?”

“चुकलंच,” महाराज म्हणाले.

“मग?”

महाराजांनी रिकामा हंडा पायानं झिऱ्याकडे लोटला.

गुणवंतनं तो वाकून भरला. फास आवळला. फासातून बांबू घातला, आणि सवयीनं मागच्या टोकाकडे जाऊन उभा राहिला.

रमाकांत पुढच्या टोकाशी आले. वर पाहिलं. पायऱ्या उन्हात पांढऱ्या दिसत होत्या.

“महाराज,” ते म्हणाले, “उद्या दुपारपर्यंतच मुदत आहे. सही करू की नको, तेवढं सांगा.”

महाराज पहिल्या पायरीवर काठी टेकून उभे होते.

“तू मागच्या टोकाला हो,” ते म्हणाले. “आणि या खेपेला बोलू नकोस.”