समुद्र पाहायला निघालेला बैल

धातूचे बैलही गप्पा मारत, त्या काळातली ही गोष्ट. सोर नगरीच्या हिराम राजाने शलमोन राजाच्या मंदिरासाठी आपल्याच नावाचा एक कारागीर पाठवला. या कारागिराने पितळेचे बारा बैल ओतले, तोंडं बाहेर नि शेपट्या आत असे गोलाकार उभे केले आणि त्यांच्या पाठींवर पाण्याने भरलेलं अवाढव्य गंगाळ ठेवलं. लोक त्याला समुद्रच म्हणत.

बैल खूश! एका बैलाला मात्र चैन पडेना. "सगळं गाव समुद्र बघून वा वा करतंय, आणि उचलणाऱ्यांनीच तो बघायचा नाही? मी चाललो बघायला!"

"अरे, हलू नकोस!" हिराम ओरडला.

पण स्वारी बाहेर पडून वळलीसुद्धा. गंगाळ कललं, पाणी धो धो सांडलं, मंदिरातले याजक नखशिखांत भिजले, हिरामाचं पागोटं वाहत गेलं. उरलेल्या अकरा जणांनी कसंबसं गंगाळ तोललं, तेव्हा कुठे बैल धावत जागेवर आला.

"झालं समाधान? पाहिलास समुद्र?" हिरामाने कपडे पिळत विचारलं.

"पाहिला की, धनी!" बैल म्हणाला. "छान आहे. पण माझ्या बाजूला तेवढा कललाय. तुमचं माप चुकलं."

यावर अकरा बैल इतके खदखदून हसले, की उरलंसुरलं पाणीही सांडलं.