ठकू लोहारणीने अडवलेली मोटार

लाल एसटी आमच्या घाटात यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. त्या काळी करंजखिंडीतून खाली बंदराकडे जायला एकच मोटार होती. ती त्रिंबकशेठची. घाटाच्या अगदी तोंडाशी, रस्त्याला लागून, लोहाराची एक भट्टी होती. तिथं ठकू नावाची बाई भाता ओढायची. नवरा गेला तशी ती ऐरणीवरही बसायला लागली, पण भाता तिनं दुसऱ्या कुणाला दिला नाही. भात्याच्या कातड्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी तिला आवाजावरून कळायचं. तीन कोसांवर कुणाचा भाता गळत असला तर ती इथून सांगायची, असं म्हणतात.

एका वर्षी त्रिंबकशेठची मोटार शीळ घालायला लागली.

लांबलचक, बारीक शीळ. मोटार घाट उतरायला लागली की ती सुरू व्हायची आणि खालच्या वाडीपर्यंत ऐकू जायची. लोकांना गंमत वाटली. वाडीतल्या बायका शीळ ऐकून चुलीवरून भात उतरवायच्या, मोटार आली म्हणून. शेठला तर अभिमानच वाटायला लागला. शहरातला मिस्त्री येऊन बघून गेला. त्यानं मोटार चढावर चालवून पाहिली, चढावर ती मुकाट चालली, तेव्हा काही बिघाड नाही म्हणून तो परत गेला.

ठकूला मात्र ती शीळ ऐकली की राग यायचा. ती शेठकडे गेली आणि म्हणाली, "शेठ, गाडी कुठंतरी वारा ओढतीय. चढाला वाजत नाही, ड्रायव्हरनं पाय उचलला की वाजती. माझा भाता फाटला की असाच बोलतो. जोर जायचा तिथं जात नाही. उतारावर दगा देईल."

शेठ म्हणाला, "ठकू, भाता वेगळा आणि इंजिन वेगळं. तू आपले विळे ठोक."

ओट्यावर बसलेली चार माणसं हसली. ठकू घरी आली. त्या दिवशी तिनं ठोकलेला विळा इतका पातळ झाला की त्यातून पलीकडचं दिसायचं, असं म्हणतात.

आठवडाभरातच व्हायचं ते झालं. मोटार घाट उतरत होती. तिसऱ्या वळणावर दाऊद ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, पण गाडी थांबेना. त्यानं गाडी दरडीवर घातली म्हणून बाकीचे वाचले. कडेला बसलेली मालन कासारीण बाहेर फेकली गेली आणि जागीच गेली. तिच्या बांगड्यांचा चुरा पुढं कित्येक दिवस त्या वळणावर चमकत होता.

मालन ठकूची मैत्रीण. दर आठवड्याला भट्टीच्या सावलीत बसून दोघी भाकरी खायच्या.

मोटारीचा पत्रा सरळ करून शेठनं ती पुन्हा सुरू केली. शीळ होतीच. मग कुणीतरी म्हणालं, ही मालनच शीळ घालते, तिला मुक्ती मिळाली नाही. शेठला ते बरंच झालं. त्यानं वळणावर एक दगड मांडला, त्याला शेंदूर फासला, आणि दाऊदला सांगितलं की रोज नारळ फोडून पुढं जायचं. लोक हात जोडायला लागले. कुणी मालनला शिव्या द्यायला लागलं.

हे ठकूच्या कानावर आलं तेव्हा ती भाता ओढत होती. तिच्या हाताखाली निखारे पांढरे झाले आणि भट्टीची वीट वितळली, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी खाली बंदराला बाजार होता. मोटारीत बावीस माणसं बसली होती, टपावर कोंबड्यांचे खुराडे होते. दाऊदनं इंजिन सुरू केलं. तेवढ्यात समोरून ठकू आली, डोक्यावर ऐरण घेऊन. तीन गड्यांना ती ऐरण हलायची नाही. तिनं ती पुढच्या चाकासमोर टाकली, तेव्हा रस्ता हादरला आणि टपावरच्या कोंबड्या गप्प झाल्या.

शेठ धावत आला. "बाजूला कर ते. गाडी माझी आहे."

"गाडी तुझी," ठकू म्हणाली. आजवर तिनं शेठला एकेरी हाक मारली नव्हती. "आत बसलेली माणसं तुझी नाहीत. एक बाई मारलीस, आणि मेल्यावर तिलाच भूत केलंस. आज ही गाडी माझ्यावरून जाईल, नाहीतर मी सांगते ते ऐकेल."

शेठनं दाऊदकडे बघितलं. दाऊद खाली उतरला आणि त्यानं इंजिनावरचं झाकण उघडलं. "मावशी, बघा तुम्ही," तो म्हणाला. "त्या दिवशी ब्रेक दगडासारखा झाला होता. मी शेठना सांगितलं होतं."

ठकूनं नारळाची शेंडी पेटवली आणि विझवून तिचा धूर केला. इंजिन सावकाश चालत होतं आणि शीळ वाजत होती. त्या वेळी खिंडीतला वारा थांबला, झाडाचं पान हललं नाही, असं म्हणतात. ती धूर एकेका नळीपाशी नेत गेली. धूर सरळ वर जात होता. मग एका जाड रबरी नळीपाशी तो वाकला, सापासारखा वळला आणि नळीच्या पोटात शिरला.

तिनं तिथं तळहात दाबला. शीळ थांबली.

"आता दाब ब्रेक," ती म्हणाली.

दाऊदनं आत बसून पाय दाबला. पाय अलगद खाली गेला. इंजिन ज्या नळीनं वारा ओढून ब्रेकला जोर देत होतं, ती नळीच चिरली होती. ठकूनं हात काढला की शीळ वाजायची आणि ब्रेक दगड व्हायचा. हात ठेवला की शीळ बंद आणि ब्रेक मऊ. तिनं हे तीनदा करून दाखवलं. बावीस माणसांनी बघितलं. शेठनंही बघितलं.

"कुठाय तुमची मालन?" ठकूनं विचारलं.

मग ती भट्टीत गेली आणि आपल्या भात्याचं कातडं कापून घेऊन आली. नळीवर ते गुंडाळून तिनं तारेनं आवळलं. शेठ हळूच म्हणाला, "अगं, भाता कशाला फाडलास? नवी नळी मागवली असती."

"मागवच. तोवर हे टिकेल. माझी भट्टी आठ दिवस बंद राहील, त्यानं कुणी मरत नाही."

तिनं ऐरण उचलली. मोटार घाट उतरली आणि खालपर्यंत तिची शीळ ऐकू आली नाही. ठकू मागून चालत तिसऱ्या वळणावर गेली. शेंदराचा दगड तिनं उपटला आणि दरीत भिरकावला. तो पडल्याचा आवाज अजून आलेला नाही, असं म्हणतात.

शेठ त्यानंतर तिच्या भट्टीसमोरून जाताना पायताण हातात घ्यायचा. ठकूनं त्याला कधी माफ केलं नाही. म्हातारपणी तिला कळलं की गाव तिच्या नावानं घाटात देऊळ बांधायचं म्हणतंय, तेव्हा अंथरुणावरून उठून ती म्हणाली, "माझा दगड मांडलात तर लाथ घालून पाडीन. मला हात जोडू नका. कान द्या."

म्हणून आमच्या घाटात ठकूआईचं देऊळ नाही, फोटो नाही, नारळ नाही. पण आजही खिंडीत प्रत्येक गाडी थांबते. ड्रायव्हर इंजिन सावकाश चालू ठेवतो आणि आतली सगळी माणसं गप्प बसतात. वऱ्हाडाची गाडी असली तरी वाजंत्री थांबते. मग ड्रायव्हर विचारतो, "कुणाला काही ऐकू आलं का?" एकानं जरी हो म्हटलं तरी झाकण उघडून बघितल्याशिवाय गाडी हलत नाही. गेल्या उन्हाळ्यात एक म्हातारी म्हणाली की काहीतरी गुणगुणतंय. ड्रायव्हरनं उतरून अर्धा तास सगळ्या नळ्या तपासल्या. शेवटी तिच्याच पिशवीतून एक भुंगा निघाला.

मागच्या बाकावरचा एकजण हसला. त्याला तिथंच उतरवलं आणि गाडी घाट उतरून गेली.