नाकातली नळी

साताऱ्यातल्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात रणनवरे सरांचा शब्द अखेरचा असे. वार्षिक प्रदर्शनासाठी फोटो निवडायला सगळे जमले, तेव्हा इंदुमती शेटे यांनी आपल्या नवऱ्याचा फोटो पुढे ठेवला. खुर्चीत बसून ते प्रसन्न हसत होते. तो त्यांचा शेवटचा फोटो. पुढे थोड्याच दिवसांत ते गेले.

सरांनी तो डोळ्यांजवळ धरला. "शेटेबाई, नाकापाशी एडिटिंग केलंय."

"हो. ऑक्सिजनची नळी होती, ती काढली."

"मग हा फोटो नव्हे, थाप आहे. समोर होतं ते पुसायचा आपल्याला अधिकार नाही." सरांनी सगळ्यांदेखत फोटो बाजूला सारला.

तो उचलून मुकाट्यानं निघून जाणं इंदुमतीबाईंच्या जिवावर आलं. नवराच खोटा ठरल्यासारखं झालं असतं. त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे सरांच्या म्हाताऱ्या आईचा फोटो होता, सरांनी स्वतः कॉम्प्युटरवर बसून कृष्णधवल केलेला.

"सर, त्या दिवशी आईंचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं?"

"हिरवं," सर बोलून गेले. "गर्द हिरवं."

"आईंचा चेहरा नीट दिसावा म्हणून तुम्ही तो रंग काढलात. मी नळी काढली, तीही तेवढ्यासाठीच."

सरांनी भिंतीवरच्या आईकडे पाहिलं. मग त्यांनी बाजूला सारलेला फोटो दोन्ही हातांनी उचलला.

"वहिनी," त्यांनी हलकेच विचारलं, "खाली यांचं नाव काय लिहू?"