कौतिकबाईचे तिखट-गोड शेंगदाणे

तापीकाठी बोरझरी नावाचे गाव आहे. गावाबाहेर, महादेवाच्या देवळालगत एक पिंपळाचा पार आणि त्यापाशी एक साधी पत्र्याची मठी. श्रीहिरागीर महाराज त्या काळी तिथे वास करून होते. अंगावर एक गोणपाट, हाती एक कमंडलू, एवढाच काय तो त्यांचा संसार. पण काय सांगावे त्या मूर्तीचे प्रेम! कुणी काहीही आणून पुढे ठेवो, महाराज आधी पारावरच्या लेकरांच्या हातावर ठेवायचे, मग म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या, आणि उरलेसुरले तर स्वतःच्या मुखात. हा त्यांचा नेम कधी मोडला असे गावातल्या कुणीही पाहिले नव्हते.

याच गावात कौतिकबाई राहायची. जातीची भडभुंजीण. नवरा नथू आणि ती, दोघे मिळून भट्टी लावत, तापलेल्या वाळूत चणे-शेंगदाणे भाजत आणि बाजाराला नेत. भट्टीच्या धगीने बाईचे हात काळवंडलेले, पण मन म्हणाल तर लोण्यासारखे. रोज भट्टी पेटवण्याआधी ती मठीपाशी यायची, दुरूनच डोके टेकायची आणि निघून जायची. महाराजांना आपल्या हातचे काही द्यावे, अशी तिला फार ओढ होती. पण चैत्री उत्सवात नैवेद्याचा मान पाटलांच्या वाड्याचा. तिथे भडभुंजिणीला कोण विचारतो?

त्या वर्षी उत्सवाच्या आदल्या आठवड्यात ती डोके टेकून वळणार, तोच महाराज म्हणाले, "माय, पेढे खाऊन खाऊन तोंड गोडमिट्ट झालं बघ. तू काहीतरी चटपटीत कर की! शेंगदाणे कर. गुळातले, पण तिखट घालून."

कौतिकबाईचा कानांवर विश्वास बसेना. "मी? नैवेद्याला?"

"तू नाही तर काय पाटील भट्टी लावणार?" असे म्हणून महाराज खळखळून हसले.

बाई घरी आली ती जमिनीवरून चाललीच नाही म्हणा ना! तिने निवडक दाणे वाळूत खरपूस भाजले, चाळले, चोळून साले पाखडली. मिरच्या तर सुपात वाळवून तयारच होत्या. त्या तिने उखळात घातल्या आणि सुपाच्या तळाशी पडलेले बीसुद्धा झाडून त्यात लोटले. बी टाकून देणे तिच्या जिवावर यायचे. मग कढईत गूळ चढवला. पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का पाहिले, त्यात तिखट, मीठ, चिमूटभर सुंठ घातली आणि दाणे ओतून भराभरा परतले. तूप लावलेल्या परातीत पसरून, बोटे पोळत असतानाच एकेक दाणा सुटा केला. काय तो रंग! काय तो वास! नथूच्या तोंडाला पाणी सुटले. त्याने हात पुढे केला, तसा बाईने फटका मारला.

"अहो, नैवेद्य आहे! उष्टा करता का?"

तिने स्वतःही कण जिभेला लावला नाही. देवासाठी केलेले चाखायचे नाही, हे काय तिला कुणी शिकवायला हवे होते?

उत्सवाचा दिवस उजाडला. पारावर सारा गाव लोटला होता. रायभान पाटील वाड्यावरून पेढ्यांची परात घेऊन आले. मोठा माणूस, मठीचा पत्रासुद्धा त्यांनीच घातलेला, आणि ते कुणी विसरू नये याची काळजीही तेच घेत. त्यांनी कौतिकबाईच्या हातातला पितळी डबा पाहिला. झाकण उचलून वास घेतला आणि ठसका लागून मागे सरले.

"अगं ए कौतिके! नैवेद्याला तिखट? देवाला काय दारूचा चखणा देतेस?" लोक खो खो हसले. पाटलांना आणखी चेव आला. "आणि चाखून पाहिलं असशील भट्टीवर बसून! खरं सांग, चाखलंस?"

"नाही हो पाटील! महादेवाची आण. जिभेला लावलं नाही."

"तेवढं तरी कळतं म्हणायचं!"

बाईचा चेहरा एवढासा झाला. डबा पदराखाली धरून ती मागच्या मागे जाऊ लागली. तेवढ्यात महाराज आसनावरून उठले, गर्दीतून सरळ तिच्यापाशी आले आणि डबा तिच्या हातातून ओढून घेतला. पाटलांची पेढ्यांची परात होती तशीच पडून राहिली! महाराजांनी आसनावर बसून डबा मांडीवर घेतला आणि खायला सुरुवात केली.

लेकरे नेहमीसारखी हात पसरून धावली. महाराजांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. मूठ भरत होती, तोंडात जात होती. कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, तरी हात थांबेना. एक म्हातारी म्हणाली, "महाराज, प्रसाद द्या ना!" महाराजांनी डबा छातीशी धरला आणि तिच्याकडे पाठ फिरवली.

पारावर कुजबुज उठली. हे आपले महाराज? आधी लेकराच्या मुखात घालणारे? कौतिकबाई मनात म्हणाली, 'माझं काहीतरी चुकलंय. इतकं वाईट झालंय की महाराज कुणाला चाखू देत नाहीत. माझी लाज राखतायत.' भुई दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे तिला झाले.

पाटलांना मात्र तो अपमान वाटला. माझे पेढे परातीतच पडून आणि भडभुंजिणीचे दाणे छातीशी? ते तरातरा पुढे आले, "बघू तरी काय अमृत आहे!" म्हणाले आणि डब्यात हात घालून मूठभर दाणे तोंडात कोंबले.

"पाटील, थुंका!" महाराज कडाडले. असा आवाज त्यांचा कुणी कधी ऐकला नव्हता. "थुंका म्हणतो ना!"

पाटलांनी हट्टाने चावले आणि गिळून टाकले. महाराजांनी डब्यातले उरलेले सारे तोंडात उपडे केले आणि रिकामा डबा खाली ठेवला.

भजन सुरू झाले. थोडा वेळ गेला असेल नसेल, पाटील पाणी पाणी करू लागले. घशाला कोरड पडली, पाणी गिळवेना. तोंड लालबुंद झाले, डोळ्यांची बुबुळे ही एवढी मोठी! ते उठले आणि हवेतून काहीतरी वेचू लागले. पाटलीणबाईंनी हात धरला, तर "ही कोण बाई?" म्हणून त्यांनी तो झिडकारला. मग मेलेल्या आईला हाका मारत ते पारावर गडाबडा लोळू लागले. टाळ जागच्या जागी थांबले. असा भारदस्त माणूस, ज्याच्यापुढे मान वर करायची कुणाची छाती नव्हती!

गावच्या वैदूने पुढे होऊन डोळे पाहिले, नाडी पाहिली आणि त्याचाच चेहरा पांढरा पडला. "हा धोत्रा आहे. यांच्या पोटात धोत्र्याचं बी गेलंय."

"विष!" कुणीतरी ओरडले. "भडभुंजिणीनं विष घातलं!" पाटलांची माणसे काठ्या घेऊन कौतिकबाईवर धावली. नथू मध्ये आडवा झाला.

आणि कौतिकबाई? ती पळालीही नाही, रडलीही नाही. धोत्रा हा शब्द कानावर पडला आणि तिच्या डोळ्यांपुढे ते सूप उभे राहिले. शिवरात्रीला महादेवाला वाहायला तिने रानातून धोत्र्याची काटेरी बोंडे आणली होती. वाहून उरलेली सुपात ठेवून सूप छपरावर टाकले होते. पुढे बोंडे फेकून त्याच सुपात मिरच्या वाळवल्या. पण त्याआधीच उन्हाने बोंडे तडकून बी सुपात सांडले असणार. मिरचीचे बी काय आणि धोत्र्याचे बी काय, चपटेच! आणि ते तिने आपल्या हाताने झाडून उखळात लोटले होते. तिने चाखले असते तर? पण चाखायचे नव्हते ना!

"अरे देवा!" ती किंचाळली. "मीच घातलं हो! मला मारा! मुद्दाम नाही घातलं, पण माझ्याच हातांनी घातलं!" आणि छाती बडवत तिने सुपाची सारी हकिगत सर्वांदेखत सांगून टाकली.

काठ्या हवेतच राहिल्या. कारण आता एकेकाच्या डोक्यात उजेड पडू लागला होता. मायांनी आपापली लेकरे पोटाशी ओढली. हीच लेकरे हात पसरून उभी होती! महाराजांनी नेमाप्रमाणे वाटले असते तर आज किती घरांत रडारड झाली असती? आणि महाराज! सबंध डबा त्यांनी एकट्याने रिचवला होता. साऱ्या माना एकदम त्यांच्या आसनाकडे वळल्या.

महाराज शांत बसले होते. जणू दूधभात जेवले होते.

ते उठले. पाटलांचे डोके त्यांनी मांडीवर घेतले, आई आजारी लेकराचे घेते तसे. कमंडलूतले पाणी ओठांना लावले, कपाळावर हात ठेवला आणि देवळाकडे पाहून म्हणाले, "महादेवा, वस्तू तुझी होती. डबाभर गिळलीस, आता मूठभर कशाला ठेवतोस? हीही घे."

पाटलांना भडभडून उलटी झाली. श्वास हळूहळू संथ झाला, डोळे मिटले. दिवेलागणीला त्यांनी डोळे उघडले आणि पहिला शब्द उच्चारला तो बायकोच्या नावाचा. पाटलीणबाईंना रडू आवरेना. आणि त्या वेळी दिव्याच्या उजेडात जवळच्यांनी पाहिले, महाराजांचीही बुबुळे पाटलांसारखीच मोठी झाली होती. आरती संपेपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून बसून होते. मग वळले, तेव्हा नेहमीसारखे हसत होते. धन्य ती माउली!

कौतिकबाईने पायांवर लोळण घेतली. "महाराज, आजपासून कढईला हात लावणार नाही."

"वा गं वा! म्हणजे मी पेढेच खायचे? उद्या पुन्हा कर. मिरच्या नव्या घे, सूप नवं घे."

दुसऱ्या दिवशी ती आली. सारा गाव जमला होता, पण काल हात पसरणाऱ्यांपैकी एकही आज पुढे येईना. मायांनी लेकरांचे हात घट्ट धरून ठेवले होते. तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

महाराज म्हणाले, "माय, आधी तू खा."

लोक दचकले. नैवेद्याआधी? उष्टा होईल की! कौतिकबाईही मागे सरकली.

"लेकराला भरवताना आई घास चाखूनच देते. तो उष्टा होतो का? मला तुझा उष्टाच हवा."

तिने डोळे मिटून एक दाणा तोंडात टाकला. कुरकुर वाजला. आधी गूळ लागला, मग हळूच तिखट जिभेवर चढले. तिने डोळे उघडले आणि मान हलवली. तरीही कुणी जागचे हलले नाही.

तेव्हा गर्दीतून रायभान पाटील काठीचा आधार घेत पुढे आले. एका रात्रीत माणूस उतरून गेला होता. त्यांनी महाराजांपुढे डोके टेकवले. महाराजांनी त्यांचे खांदे धरून त्यांना कौतिकबाईकडे वळवले. पाटील क्षणभर थबकले. मग काठी खाली ठेवली, पागोटे काढले आणि ज्या बाईला काल 'कौतिके' म्हणून हिणवले होते तिच्यापुढे वाकले.

"माय," ते म्हणाले, "चाखलंस ना?"

"चाखलं, पाटील."

"मग दे," असे म्हणून पाटलांनी तिच्यापुढे दोन्ही हातांची ओंजळ पसरली.